गुणिले अठरा

मूळ गाडी मी पाहिलेली नाही.
तुंगेकरनेही नाही.
साऱ्या जगात साडेतीनशेच्या आसपास बनल्या म्हणे,
आणि साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत
त्यातली एकही चुकून वळली नाही.

पाहिली ती केकी दुबाशनी, अडुसष्ट साली,
योकोहामाच्या धक्क्यावर.
बाप बोटीवर इंजिनिअर, पोरगा कठड्याला.
सात मिनिटं. पांढरी होती.
पुढे लग्न झालं, बायपास झाली, एक डोळा गेला,
सात मिनिटं तेवढी शाबूत.

त्यांनी माझ्या हातात ठेवलं वीतभर खेळणं,
एकास अठरा. टोयोटा टू थाउजंड जीटी.
"आवीज पायजे, बागवे. आवीज."

मी कुर्ल्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
पद्मिनीच्या दरवाजांच्या डाय घासल्या.
व्हर्नियर काढला. वहीत दोन रकाने आखले:
खेळण्याचं माप, आणि शेजारी गुणिले अठरा.
केसाएवढी चूक इकडे,
तिकडे बोट जाईल एवढी फट.
शकुंतला भाकरी वाढताना थांबायची,
"अठरा पंचे नव्वद, अठरा पंचे नव्वद,
इतकं तर पोराच्या चौथीतसुद्धा घोकलं नव्हतंत."

हुसेन तुंगेकर पत्रा ठोकतो तो कानाने.
डावा कान गेलाय,
म्हणून मान मोडून उजवा कान पत्र्याशी नेतो,
आजारी माणसाची छाती ऐकावी तसा.
वाळूची पिशवी, लाकडी मोगरी,
टक. टक. थांबून, टक.
"पोकळ बोलतोय अजून."

डॅशबोर्डचं लाकूड तिकडे पियानोवाल्यांनी दिलं म्हणतात.
आम्ही दारूखान्यातून उचललं
तोडलेल्या बोटीच्या कप्तानाचं कपाट,
डांबरगोळ्यांच्या वासासकट.
इंजिन काँटेसाचं. सहाऐवजी चार सिलिंडर,
पण इसुझूचं, म्हणजे रक्त जपानीच,
असं एकमेकांना सांगत बसवलं.

मग एका संध्याकाळी, ट्यूबलाइट तिरपी धरली तेव्हा
डाव्या फेंडरवर उंचवटा.
बोराच्या आठोळीएवढा. सुबक.
"हे काय रे?"
"तुझ्याच वहीत आहे."
होतं. एक मिलिमीटर, गुणिले अठरा.
भिंग लावून खेळणं पाहिलं,
तिथे रंगाचा थेंब सुकलेला.
कुठल्या कारखान्यातल्या कुणा मुलीचा ब्रश
जेवणाच्या घंटेला जरासा थबकला असेल,
तो आम्ही चार दिवस खपून
इमानाने पत्र्यात उभा केला होता.
तुंगेकर हसला ते शेजारच्या लेथवाल्यालाही ऐकू गेलं.

शुक्रवारी दुबाश आले.
हल्ली ते तळव्यानेच बघतात.
हात फेंडरवरून निघाला, उंचवट्याशी अडला.
"हे तेव्हा नव्हतं."
मग बऱ्याच वेळाने,
"का होतं? मी तर उजव्या बाजूला उभा होता."

ते गेल्यावर आम्ही तो ठोकून बसवला.

आरटीओच्या पुस्तकात ती काँटेसाच आहे.
पहाटे चारला शटर वर केलं,
दुबाश शेजारी, मफलर गुंडाळून,
तुंगेकर मागून स्कूटरवर.
पंपावरचा पोऱ्या नळी हातात धरून नुसता उभा.
साकीविहार रोडला दुसऱ्याच गतिरोधकावर
पोट घासलं. तो आवाज
तुंगेकरला मागे, हेल्मेटमध्ये, बहिऱ्या कानानेही कळला.
दुबाश म्हणाले, "चलाव, चलाव."

परत आल्यावर खाली सरपटून टेप लावला.
छत्तीस सेंटिमीटर.
वहीत तिसरा रकाना आखला, पहिल्यांदाच भागिले.
घरी सगळे झोपल्यावर
खेळणं उलटं करून मांडीवर घेतलं,
शकुंतलाच्या डब्यातली सुई,
आणि पोटाखाली, नेमक्या जागी,
दोन सेंटिमीटर.